पान एकतीसवरचे ठिपके

हे गेल्यावर चौदा महिने ती पेटी आमच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी तशीच होती. हे म्हणजे माझे यजमान. बेचाळीस वर्षांत मी त्यांचं नाव घेतलं नाही, आता कागदावरही घेणार नाही. पेटी म्हणजे पुस्तकांची पेटी. गंगापूर रोडच्या आमच्या भागात एका वाचनालयाच्या अशा पेट्या इमारतींमधून फिरतात. शंभर पुस्तकांची पत्र्याची पेटी एका घरात ठेवायची, बाकीच्यांनी तिथून पुस्तकं न्यायची, परत आणून द्यायची, आणि चार-पाच महिन्यांनी पेटी बदलून घ्यायची. फुकट. फक्त एक माणूस लागतो, दार उघडून वहीत लिहून घेणारा. आमच्या इमारतीत तो माणूस म्हणजे हे. बेल वाजली की मी दार उघडायचे आणि आत हाक मारायचे, तुमचं गिऱ्हाईक आलंय.

ते गेल्यावर गिऱ्हाईक यायचं थांबलं. ज्या घरात दिवस झालेत त्या घरात कादंबरी मागायला कोण जाणार? वाचनालयातून एकदा फोन आला, पेटी बदलायची का म्हणून. मी म्हटलं, नंतर. त्या काळात मी सगळ्यांनाच नंतर म्हणत होते. कामाला येणारी बाई हरसूलची. ती रोज पेटीच्या चारी बाजूंनी झाडायची, खाली कधीच नाही. एकदा म्हणाली, लय जड हाय ही, काय सोनं भरलंय का? मी म्हटलं, राक्षस भरलेत. तिने झाडू जरा लांबून मारायला सुरुवात केली.

मला काही होत नव्हतं. हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. मी रडले नाही. दहाव्याला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर नाही, तेराव्याला नाही, त्यांचा चष्मा कपाटात सापडला तेव्हाही नाही. दुःख झालं असतं तर बरं होतं, त्याला निदान तोंड असतं. नणंद पाठीवर हात ठेवून म्हणाली, "वहिनी, एकदा मोकळी हो." मी खरंच प्रयत्न केला. बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिले. पाणी वाया गेलं. चहा गरम आहे एवढं कळायचं, चांगला आहे का ते कळायचं नाही. मुलगा फोनवर विचारायचा, जेवलीस का? मी ताटाकडे बघून उत्तर द्यायचे. डॉक्टर म्हणाले, येईल, येईल, वेळ लागतो. नाशिकरोडची बस येईल म्हणावं अशा सुरात.

नात दर रविवारी येते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर आमच्यापासून पंधरा मिनिटांवर. माझ्यावर लक्ष ठेवायला तिला पाठवतात असं माझं मत आहे, आणि माझ्याकडचं वायफाय जोरात चालतं असं तिचं. गेल्या नोव्हेंबरात तिने कंटाळून पेटीचं झाकण उघडलं.

"आजी, काय भारी कलेक्शन आहे गं हे."

शंभरातली चाळीस-एक पुस्तकं तसली होती. अवकाशयानं, जादूगार, उडणारे अजगर, दोनशे वर्षांनंतरची शहरं. काही मराठीत लिहिलेली, बरीचशी अनुवादित, कव्हरवर सगळीकडे जांभळा प्रकाश. मी म्हटलं, ही आजोबांची आवड. मागून मागून आणायचे.

तिने विचारलं, "आणि तू?"

आता मला त्या बत्तीस वर्षांच्या बाईबद्दल सांगावं लागेल, जी मी होते. ती विम्याच्या ऑफिसात क्लेमच्या टेबलावर बसायची आणि स्वतःला वाचणारी समजायची. सिटी बसमध्ये तिच्या हातात नेहमी एक जाड कादंबरी असे, कव्हर बाहेरच्या बाजूला. कादंबरी अशी निवडायची की दोनशे पानांपर्यंत त्यात कोणी हसता कामा नये. वाचनालयाच्या काउंटरवर ती मान जराशी वाकडी करून म्हणायची, "काहीतरी विचार करायला लावणारं द्या." ते द्यायचे. ती पंधरा दिवस विचार करायची, परत कधी करायचं याचा. वाचायची चाळीस पानं. डबा खाताना बोलायला चाळीस पानं पुरतात. "लेखकाने माणसाच्या एकटेपणाला हात घातलाय," हे वाक्य तिने किमान नऊ कादंबऱ्यांबद्दल म्हटलं असेल, आणि एकदाही पकडली गेली नाही, कारण समोरच्या बाईचीही चाळीसच पानं झालेली असायची.

अशा विदुषीचा नवरा पुढे, पेटी घरी आल्यावर, गॅलरीत बसून राक्षस वाचतो म्हटल्यावर तिला केवढी लाज. पाहुण्यांसमोर मी म्हणायचे, आमच्याकडे मुलगा मोठा झाला, हे राहिले. ते पुस्तकातून मान वर न काढता म्हणायचे, हो ना. मी म्हणायचे, परग्रहावरून येताना दूध आणा. एकदा खरंच आणलं त्यांनी दूध, दोन पिशव्या, आणि म्हणाले, तिकडे स्वस्त होतं. मी हसले नव्हते. किती मूर्ख होती ती बाई.

नातीला यातलं निम्मंच सांगितलं. ती पेटीतली पुस्तकं जमिनीवर पसरून बसली आणि मला वाचायला लावायचंच असं तिने ठरवलं. तिचं म्हणणं असं, की तू साठीनंतर सुरुवात करणारी वाचक आहेस, तुला लहान मुलांचं देऊन चालणार नाही आणि आमच्या ग्रुपमधलं एकदम देऊनही चालणार नाही. मग तिने मला कसं निवडायचं ते शिकवलं. मालिका असेल तर पहिला भाग आहे का ते आधी बघ. सुरुवातीला नकाशा असेल तर घाबरू नकोस, त्याच्याकडे बघायची सक्ती नाही. मागच्या कव्हरवर 'मानवजातीचं अस्तित्व धोक्यात' असं असेल तर खाली ठेव, मानवजात प्रत्येकातच धोक्यात असते, त्यावरून काही कळत नाही. आणि आजी, आवडलं नाही तर सोड. कोणी मार्क देणार नाहीये. हे शेवटचं तिने दोनदा सांगितलं. तीन पुस्तकं टीपॉयवर ठेवून ती गेली.

मी त्यातलं एक उघडलं ते वाचायला नाही, हात रिकामा होता म्हणून. पानं आपोआप उलटत होती. एकतिसाव्या पानावर, खाली जिथे आकडा छापलेला असतो त्याच्या शेजारी, पेन्सिलीचे दोन बारीक ठिपके होते.

वाचनालयाची पुस्तकं वापरणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. एकच पुस्तक चुकून दोनदा आणू नये म्हणून लोक ठरलेल्या पानावर आपली खूण करून ठेवतात. कोणी जन्मतारखेच्या पानावर, कोणी रोल नंबरच्या. पुस्तक खराब करू नये अशी पाटी भिंतीवर असते आणि तिच्याखाली उभं राहून सगळे हेच करतात.

एकतीस. आमचं लग्न एकतीस तारखेचं, मे महिन्यातलं.

मी दुसरं उघडलं. एकतिसाव्या पानावर एक ठिपका. तिसऱ्यात दोन. मग मी जमिनीवर बसले, गुडघ्यांनी तक्रार केली तरी बसले, आणि तसली चाळीसच्या चाळीस पुस्तकं पाहिली. तीन-चार सोडली तर सगळ्यांत खूण. एक ठिपका म्हणजे वाचलं, दोन म्हणजे आवडलं, छोटी फुली म्हणजे नाही, असा मी अर्थ लावला. इतर साठ पुस्तकांत काही नव्हतं.

मला तेव्हा जे वाटलं ते लिहिते, लपवत नाही. मला वाटलं, दोन ठिपक्यांची पुस्तकं एकेक करून वाचावीत. ज्या पानावर त्यांना मजा आली त्या पानावर मी पोहोचले, की तिथे ते सापडतील, आणि मग आत जे अडकलंय ते सुटेल. मला रडायचं होतं, आणि कुठे जाऊन रडायचं याचा पत्ता मिळाला होता. रडू तेव्हाही आलं नाही. फक्त काम मिळालं. कामाची मला सवय होती.

दोन ठिपक्यांची अकरा पुस्तकं निघाली. पहिलं ताऱ्यांमधल्या युद्धाचं होतं. पहिल्या पानावर सतरा नावं. तीन नावं तर अशी की म्हणायला गेलं की कवळी हलते. मी रेटत राहिले. रोज दुपारी वीस पानं, औषध घेतल्यासारखी. प्रत्येक लढाईला थांबून विचार करायचे, इथे आवडलं असेल का यांना? इथे? यांना तर लिफ्टमध्ये कोणी जोरात बोललं तरी चालायचं नाही. दीडशे पानांनंतर नातीने माझा चेहरा पाहिला आणि पुस्तक हातातून काढून घेतलं. म्हणाली, "आजोबांना आवडलं म्हणून तुला आवडायला हवं असं नाही. तू त्यांची भाजीही खायची नाहीस." खरं होतं. ते शेपूवर जीव टाकायचे.

मग मी माझे नियम केले. पहिल्या पानावर पाचापेक्षा जास्त नवी नावं असतील तर परत पेटीत. पहिल्या पन्नास पानांत कोणी काही खाल्लं नाही तर परत पेटीत. जे जग चार घास शिजवत नाही ते मला पटत नाही. जादूला काही मोल नसेल, नुसती बोटं हलवली आणि झालं, तरी परत. क्लेमच्या टेबलावर बावीस वर्षं काढलेल्या बाईला फुकट काही मिळतं यावर विश्वास बसत नाही. आणि अक्षर मोठं हवं. हा नियम पहिला लिहायला हवा होता.

या नियमांत बसलेलं पहिलं पुस्तक एका अवकाशयानाचं होतं. तीनशे वर्षांचा प्रवास, माणसं यानातच जन्मतात आणि यानातच मरतात. कथा होती स्वयंपाकघरातल्या बाईची. पृथ्वीवरून आणलेलं आंबवण तिच्या पणजीने तिच्या आजीला दिलं, आजीने आईला, आईने तिला, आणि ते मेलं तर पुढची दोनशे वर्षं पाव नाही. म्हणजे विरजणच की. मी विरजण शेजारून आणते, त्यामुळे मला जरा ओशाळल्यासारखं झालं. ते पुस्तक मी संपवलं. संपल्यावर लक्षात आलं, की चाळिसावं पान कधी गेलं मला कळलंही नव्हतं. आनंद झाला असं म्हणणार नाही. नोंद केली.

दुसरं होतं अजगरांचं. आपले साप नव्हेत, पंखांचे, तोंडातून जाळ सोडणारे. एका राज्यात अजगरांनी घरं जाळली की राजाकडून भरपाई मिळते, आणि कथेची नायिका गावोगाव फिरून जळालेल्या घरांचे पंचनामे करते. मोजायची दोरी खांद्यावर, मागे एक आळशी खेचर. लोक तिला फसवतात. मातीच्या हंड्याला चांदीचा म्हणतात, नसलेली गाय जाळल्याचं सांगतात. मला हे जग ओळखीचं होतं. गंगेला पूर आला की आमच्या टेबलावर अशाच याद्या यायच्या, आणि पुराने फक्त भारी साड्याच वाहून नेलेल्या असायच्या. सत्तराव्या पानावर ती एका गोठ्याची भरपाई ठरवते आणि त्यात घसारा धरतच नाही. वीस वर्षं जुना गोठा, आणि नव्याची किंमत. मी उठून पेन्सिल शोधली आणि समासात दुरुस्ती केली. रविवारी नातीला तावातावाने सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने आईला फोन करून हळू आवाजात काहीतरी सांगितलं, चांगली बातमी असल्यासारखं.

पण यांचा पत्ता नव्हता. अजगर आला, गेला, खेचर मेलं, एका म्हाताऱ्याने जळालेल्या घरातून फक्त उंबरा काढून नेला. प्रत्येक ठिकाणी मी थांबले. हे असतील इथे? नव्हते. पुस्तक चांगलं होतं, एवढंच.

पहिल्या भागाच्या शेवटी ती बाई एका मोठ्या वाड्याचा पंचनामा करते आणि तिच्या ध्यानात येतं, की भिंती आतून काळ्या आहेत, बाहेरून नाहीत. आग अजगराची नाही. घरातल्याच कोणाची आहे. आणि पुस्तक संपतं. मी पेटी पुन्हा उपसली. दुसरा भाग नव्हता. वही काढली. यांच्या तिरप्या अक्षरात शेवटच्या पानावर होतं: अजगर, भाग दुसरा, बाई, तिसरा मजला. खालची तारीख हे जायच्या आधीच्या पंधरवड्यातली.

बाई म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका. भूगोल शिकवायच्या. वय ब्याऐंशी, एकट्या, अर्ध्या नाशिकला त्यांनी नकाशे भरायला लावलेत, त्यामुळे सगळी इमारत त्यांना बाईच म्हणते. त्यांच्या गुडघ्यांमुळे त्या खाली येत नसत. पुस्तकं हे वर नेऊन द्यायचे. मी मात्र चौदा महिन्यांत वर गेले नव्हते. गेले असते तर त्यांनी काहीतरी बोलून दाखवलं असतं, आणि मला उत्तर देता आलं नसतं.

त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "दंड घ्यायला आलात?"

मी म्हटलं, दंड हे घ्यायचे, मी नुसतं पुस्तक घ्यायला आलेय. त्यांनी मला बसवलं. पुस्तक आणायला उठल्या आणि भिंतीला धरून चालताना मागे न बघता सांगू लागल्या, की परत करायला खाली यावं असं कितीदा वाटलं, पण सुतकाच्या घरात अजगर घेऊन कसं यायचं? मग महिने गेले, मग आणखी लाज वाटायला लागली. पुस्तक त्यांनी खाकी कव्हर घालून ठेवलं होतं. ते काढलं. मग म्हणाल्या, "थांबा, खूण करायची राहिली," आणि चष्म्याच्या डबीतून पेन्सिलीचा तुकडा काढून, पान शोधून, दोन ठिपके दिले.

मी विचारलं, हे कोणतं पान.

"एकतीस. घर नंबर एकतीस, पान एकतीस. नाहीतर तेच पुस्तक दोनदा येतं आणि अर्ध्यावर गेल्यावर कळतं."

"पेटीतल्या सगळ्या पुस्तकांत तुमचीच खूण आहे?"

"राक्षसांच्या. बाकीची मी वाचतच नाही. आयुष्यभर खरा भूगोल शिकवला, आता खोटा वाचते. तुमच्या मिस्टरांना मीच यादी द्यायचे, ते ती पुस्तकं पेटीसाठी मागून घ्यायचे."

मी बसून राहिले. त्यांच्या घरात घड्याळ मोठ्याने वाजतं. मला काही वाटण्याची मी वाट पाहिली. जमिनीवर बसून चाळीस पुस्तकं, अकरा पुस्तकांची यादी, युद्धाची दीडशे पानं. आतून काही आलं नाही, नुसतंच कळलं, पावती हातात दिल्यासारखं. मग मी त्यांना सांगितलं. लग्नाची तारीख एकतीस, म्हणून मला वाटलं की हे.

बाईंनी विचारलं, "त्यांना आठवायची का ती तारीख?"

"कधीच नाही."

"मग?"

मग काय. बेचाळीस वर्षांत ज्या माणसाला ती तारीख एकदाही आठवली नाही, तो ती चोरून पुस्तकांच्या पानांवर कशाला जपेल? हा प्रश्न क्लेमच्या टेबलावर मी पहिल्या मिनिटाला विचारला असता. दुसऱ्याची कागदपत्रं तपासताना मी फार हुशार होते. बाई हसल्या, आधी दाबून, मग तोंडावर पदर धरून, आणि मीही हसले असेन, कारण त्यांनी मला पाणी दिलं.

मी म्हटलं, पण ते वाचायचे. गॅलरीत तासन्‌तास. मी बघितलंय.

"पुस्तक घेऊन बसायचे ते," बाई म्हणाल्या. "वाचायचे फक्त शेवटची दहा पानं. मला आणून द्यायच्या आधी. आणि मग दारात उभे राहून मला शेवट सांगायचे. मुद्दाम. मी चिडावं म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. चाळीस पानं वाचून माणसाच्या एकटेपणावर बोलणारी बाई पलंगाच्या एका बाजूला, आणि दहा पानं वाचून शेजारणीला छळणारा माणूस दुसऱ्या बाजूला. मधलं सगळं पुस्तक तिसऱ्या मजल्यावर वाचलं जात होतं. आणि मी पाहुण्यांना सांगायचे, यांना राक्षसांशिवाय सुचत नाही. ते एका शब्दाने म्हणाले नाहीत, की अगं, मी वाचत नाही. बहुतेक त्यांना त्याचीही मजा वाटत असणार.

बाई पुढे बोलल्या तेव्हा त्यांचा शिक्षिकेचा आवाज उतरला होता. या अजगराच्या कादंबरीचा तिसरा भाग आधीच्या पेटीत होता. पेटी बदलताना यांनी तो तिथेच उभ्या उभ्या मागून वाचला होता. दुसरा भाग द्यायला आले तेव्हा त्यांनी दारातच तिसऱ्याचा शेवट सांगून टाकला. कोणी जाळलं, का जाळलं, त्या बाईचं काय झालं, सगळं. "मी इतकी चिडले," बाई म्हणाल्या, "म्हटलं, पुन्हा माझं दार वाजवू नका." त्यानंतर ते आलेच नाहीत. दोन आठवड्यांनी खाली अॅम्ब्युलन्स आली ती त्यांनी गॅलरीतून पाहिली. "ते माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं. म्हणून मी पुस्तक ठेवून घेतलं होतं. दंडाची भीती नव्हती मला."

मी म्हटलं, त्यांनी मनावर घेतलं नसेल, ते कशालाच घ्यायचे नाहीत. खरंच सांगितलं, समजूत काढायला नाही.

बाईंनी डोळे पुसले. त्यांना येतं ते. मग खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "तुम्हाला सांगू? ते जसे बोलले तसंच सांगते. मला शब्द न्‌ शब्द आठवतोय. हातसुद्धा कसे करत होते ते."

चौदा महिने मी जे शोधत होते ते एवढं जवळ होतं. ठिपके नाहीत, तर्क नाही. ते खुद्द बोललेले, कोणीतरी जपून ठेवलेले, मी कधीच न ऐकलेले चार शब्द, हातवाऱ्यांसकट. हो म्हणायचं होतं फक्त. मी तोंडही उघडलं होतं. मांडीवर दुसरा भाग होता, आणि त्या वाड्याच्या भिंती आतून काळ्या होत्या.

"नको," मी म्हटलं. "आत्ता नको. मला वाचू द्या आधी. कोणी जाळलं ते मला बघायचंय."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वर्गात चुकीचं पण विचार करून उत्तर दिलंय.

"तिसरा भाग आहे कुठे?"

मी तिथूनच वाचनालयाला फोन केला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. पेटी बदलून घ्या म्हटलं, आणि तिसरा भाग नव्या पेटीत घाला. पलीकडच्या माणसाने शोधून सांगितलं, की ती प्रत पेठ तालुक्यातल्या एका शाळेच्या पेटीत गेलीय. शाळेला मे महिन्याची सुट्टी लागल्यावर पेट्या परत येतील, तेव्हा पाठवतो. हे झालं फेब्रुवारीत.

"मे," बाई म्हणाल्या. "मी ब्याऐंशीची आहे. मध्येच काही झालं तर ते सगळं माझ्याबरोबर जाईल."

"तर मग नीट राहा."

"एवढं सोपं असतं तर."

"तुम्ही आत्ता सांगितलंत तर मी पुस्तक वाचणार नाही," मी म्हटलं, "आणि नाही वाचलं तर ते काय म्हणत होते ते मला कळणारही नाही."

त्यांनी मघाशी काढलेलं खाकी कव्हर माझ्या हातात दिलं. माझी मात्र खात्री नव्हती, अजूनही नाही. खाली येताना दोनदा वाटलं, परत जावं.

पेटी गेली. तिच्या जागी फरशीवर एक चौकोन उरला आहे, बाकीच्या फरशीपेक्षा उजळ. रडू अजून आलेलं नाही. डॉक्टरांना मी विचारणं बंद केलंय. दुसरा भाग मी वाचनालयाला सांगून ठेवून घेतलाय आणि मुद्दाम हळू वाचते, रोज आठ पानं, म्हणजे मेपर्यंत पुरेल. नात म्हणते, हा छळ आहे. नवी पेटी दाराजवळ ठेवलीय, तिची वही आता मी लिहिते. लोक यायला लागलेत, आणि मागच्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या एका तरुण बाईने मान जराशी वाकडी करून विचार करायला लावणारं काहीतरी मागितलं. मी तिला अवकाशयानातलं आंबवण दिलं आणि सांगितलं, विचार आपोआप येतो, पाव आधी बघ. ते पुस्तकही मी जुन्या पेटीतून परत जाऊ दिलेलं नाही. वाचनालयाला सांगितलंय, सापडत नाही.

सकाळी नऊ वाजता मी बाईंना फोन करते. रक्तदाबाची गोळी घेतली का, पायऱ्यांवर गेला होतात का, रात्री दिवा लावून झोपलात का. त्या म्हणतात, तुम्हाला माझी काळजी नाहीये, तुम्हाला शेवटाची काळजी आहे.

मी नाही म्हणत नाही.